शेवटचं आळं

त्या पत्राला काशिनाथने तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं.

तुम्हाला पटेल न पटेल, पण हे घडलेलं आहे. आगाशीजवळच्या एका केळीच्या वाडीत, १९४९च्या पौषात, भर दुपारी. ज्याच्यावर गुदरलं, त्याच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो आहे.

काशिनाथचा थोरला भाऊ नरहरी ब्रह्मदेशातल्या लढाईवरून परत आला.

अंगावर ओरखडाही नव्हता.

फक्त घरच्यांशी बोलणं संपलं होतं. एकटा असला की मात्र बोलायचा... बळीरामशी.

बळीराम त्याच्या पलटणीतला दोस्त. तिकडेच मेलेला.

बुजऱ्या, पुस्तकवेड्या काशिनाथला दादाशिवाय दुसरा मित्र नव्हता. त्याला मेलेल्या माणसाचा हेवा वाटू लागला. म्हणून बळीरामच्या आईचं पत्र आलं, तेव्हा दादाला न दाखवता त्याने ते पुस्तकात दडवलं.

"माझ्या लेकाला शेवटी पाणी मिळालं का, एवढंच कळवा." तिने कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं.

वाडीला पाणी देणं हे दोघा भावांचं काम. नरहरी रहाटाचा रेडा हाकायचा. काशिनाथ पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वळवायचा. शेवटचं आळं भरलं, की तो ओरडायचा, "भरलं!" मग रहाट थांबायचा.

त्या दुपारी वाचता वाचता त्याला उशीर झाला. धावतच तो वाडीत आला.

रहाट चालू होता... आणि पाणीही वळत होतं.

"भावजी, आज अगदी वेळेवर?" रुक्मिणी वहिनी केळीचं पान कापता कापता हसली. "पुस्तक सुटलं कसं हातातून?"

"मी आत्ता येतोय, वहिनी."

तिचा कोयता हवेतच थांबला.

पाटाची माती नुकतीच ओढलेली होती. चिखलात पाऊल उमटलं होतं. उजवं... पुन्हा उजवं... पुन्हा उजवंच.

डावं कुठेच नव्हतं.

"बळी, भरलं का रे?" रहाटावरून दादाने हाक मारली. किती मायेने! काशिनाथच्या अंगाचा तिळपापड झाला.

उत्तर आलं नाही.

रहाट थांबला नाही.

"भरलं!" काशिनाथ ओरडला. "दादा, भरलं! थांबव!"

नरहरीने ऐकलंच नाही.

मग रोज तेच. केळीची मुळं कुजू लागली. रेड्याने बसकण मारली, तेव्हा नरहरीने जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. खांदे सोलून निघाले.

"काहीतरी करा हो भावजी," वहिनी रडू लागली. "हे मरतील अशाने."

काशिनाथने पत्र काढलं. दादाच्या बरोबरीने गोल चालत मोठ्याने वाचलं.

नरहरी पहिल्यांदाच थांबला.

"डावा पाय उडाला होता त्याचा. पाणी मागत होता. आणतो म्हणून गेलो... तेवढ्यात मागे हटायचा हुकूम आला. मी परत गेलोच नाही, काशी."

किती वर्षांनी दादाच्या तोंडी त्याचं नाव आलं होतं!

"तसंच लिही. खोटं नको." एवढं बोलून नरहरी पुन्हा जुवाखाली गेला.

काशिनाथने तसंच लिहिलं. खाली स्वतःची एक ओळ घातली. 'हे पत्र मी दडवलं होतं. मला तुमच्या मुलाचा हेवा वाटत होता.'

टपालपेटी वाडीबाहेर, वाटेच्या वळणावर होती. तिथे त्याचा हात अडखळला. ती बाई इथे आली तर? दादा तिलाच आई म्हणेल. आपल्या वाट्याला काय उरेल? फाडून टाकावं का?

मागून रहाटाची कुरकुर येत होती.

"बळी, भरलं का रे?"

आणि...

"भरलं!"

रहाट थांबला.

तो आवाज काशिनाथचा होता. हुबेहूब.

पण त्याचे ओठ मिटलेले होते.

वाडीत दादा हसला. कितीतरी वर्षांनी हसला. कुणाकडे बघून, ते काशिनाथला अजून माहीत नाही. वहिनी तर तेव्हा घरात होती.

काशिनाथला पुन्हा तोच हेवा वाटला.

तरीही त्याने पत्र पेटीत सोडलं.