अकरा मिनिटांचा चौथा भाग

ही हकिकत मी गेल्या सतरा फेब्रुवारीला, संध्याकाळी सव्वासात ते आठच्या दरम्यान, आमच्या प्रयोगशाळेतील संगणकांची देखभाल करणाऱ्या गृहस्थांकडून ऐकली. आम्ही त्यांना तारवाले काका म्हणतो. वीज गेली होती, माझ्या एका भल्यामोठ्या फाइलची नक्कल अर्ध्यावर अडकली होती आणि टेबलावर बॅटरीचा एकच दिवा होता. त्यांनी सांगितले तेवढेच, शक्यतो त्याच क्रमाने, येथे नोंदवतो.

काका पूर्वी एका रुग्णालयाच्या तळघरात, नोंदींच्या खोलीत कामाला होते. मेंदूविकारांच्या वॉर्डात प्रत्येक खाटेवर कॅमेरा रोखलेला असे आणि त्याचे चित्रण या खोलीतील जुन्या यंत्रात साठत असे. ही घटना घडली त्या दिवशी पाच वाजता ते यंत्र कायमचे पुसले जाणार होते. दोनच्या सुमारास एक बाई परवानगीचा कागद आणि स्वतःची जुनी डिस्क घेऊन आल्या. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचे यजमान त्याच वॉर्डात वारले होते.

"दिवसरात्र मी त्यांच्या उशाशी बसले होते, दादा. औषध आणायला खाली उतरले, अकरा मिनिटं. परत येते तर... ते एकटे होते का, एवढंच बघायचंय मला."

काकांना ते चित्रण ठाऊक होते. कॅमेऱ्याची तार सैल होऊन नेमकी तीच अकरा मिनिटे काळी पडली होती. त्यांनी तसे सांगितले.

"काळं तर काळं. पण पुसून जाऊ देऊ नका."

डिस्क पुढे करताना तिच्या फुटक्या कडेने बाईंचा अंगठा कापला. काकांनी खणातून निळी चिकटपट्टी काढली, दातांनी तोडली आणि जखमेभोवती गुंडाळली. "वायरींची पट्टी आहे, ताई. माणसाला पहिल्यांदाच लावतोय." बाई किंचित हसल्या.

यजमानांच्या शेवटच्या दिवसाच्या चित्रणाची फाइल दहा जीबीची होती. नक्कल सुरू होताच थांबली.

"अहो, डिस्क तर जवळजवळ रिकामी आहे!"

"पोट रिकामं आहे हो, पण घसा बारीक. हिची मांडणी जुन्या पद्धतीची आहे. चार जीबीहून मोठा घास ती गिळत नाही. कोरी करून नव्यानं मांडली तर..."

"नको. यांचे सगळे फोटो आहेत तिच्यात."

मग काकांनी फाइलचे भाग पाडायला घेतले. चार, चार आणि दोन. वहीत लिहिले: एकूण भाग तीन. बाई त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसून राहिल्या. पंख्यांची एकसुरी घरघर, तापलेल्या धुळीचा वास, पडद्यावर रेंगाळणारे आकडे.

साडेचारला तिसरा भाग संपला. आकडे मात्र थांबले नाहीत. पडद्यावर चौथ्या भागाचे नाव उमटले.

घरघर अचानक दूर गेल्यासारखी झाली. धुळीच्या वासाच्या जागी वॉर्डातला वास आला, जंतुनाशकाचा, ओल्या चादरींचा.

"ताई... वास येतोय का तुम्हाला?"

"सवय झालीय त्याची," मागून घोगरे उत्तर आले.

मागे वळून पाहण्याचा काकांना धीर झाला नाही. अकरा मिनिटांनी भाग पूर्ण झाला, वास विरला. त्यांनी तो उघडला. खाट दिसली, खाटेवर यजमान. उशाशी कुणीतरी बसले होते. चौकटीत फक्त त्या व्यक्तीचा हात येत होता आणि त्या हाताने यजमानांचा हात धरला होता.

"आलीस?" यजमान म्हणाले. "बस... घाई नाही."

धरलेल्या हाताच्या अंगठ्यावर निळी पट्टी होती.

काका वळले. बाई खुर्चीतच होत्या, गाल ओले. अंगठा उघडा, जखम ताजी. त्यांनी पर्समधून वाळक्या रक्ताने काळवंडलेले निळ्या पट्टीचे एक वेटोळे काढले.

"त्यांच्या सामानाच्या पिशवीत निघालं होतं. तीन आठवडे ज्याला त्याला विचारतेय, हे कशाचं..."

काकांनी त्या वेटोळ्याची कड पट्टीच्या रिळाच्या मोकळ्या टोकाशी धरली. दातांच्या खुणा तंतोतंत जुळल्या.

"ते एकटे नव्हते, ताई."

"नाही," त्या म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

दाराशी पोचवताना काकांनी सहज विचारले, "वासाची सवय झालीय म्हणालात मघाशी?"

"मी? मी कुठे बोलले, दादा? मी इथे नव्हतेच ना तेव्हा."

ती वही मी पाहिली आहे. 'तीन' खोडून 'चार' केलेले आहे. पट्टीचे रीळही पाहिले. काकांनी ते पुन्हा वापरलेले नाही आणि त्याच्या टोकाशी दातांच्या खुणा आहेत. वेटोळे बाईंपाशी असल्याने कडा जुळतात की नाही, हे मला तपासता आले नाही. तरी त्याबाबत मी काकांच्या शब्दावर विश्वास ठेवतो. एका गोष्टीची खातरजमा मात्र कधीच होऊ शकली नाही: बाई तिकडे यजमानांच्या उशाशी असताना, इकडे काकांच्या मागच्या खुर्चीवर अकरा मिनिटे कोण बसले होते.