जंतू मेले, मग सूज का राहिली?

"जंतू तर सगळे मेले होते, मिहिका. तरी तांबेबाईंचा गाल महिनाभर सुजलेला. का, ते मला कळलंच नाही."

२०४३ च्या उन्हाळ्यात आजोबा हे म्हणाले, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. चाळीसगावात त्यांनी चाळीस वर्षं लोकांचे दात नीट केले; तांबेबाई त्यांच्या जुन्या पेशंट. दवाखाना बंद झाला, तरी त्यांच्या शेजारी बसलं की लवंगतेलाचा वास यायचा.

दुसऱ्या दिवशी माझं रूट कॅनाल होतं आणि मी घाबरले होते. म्हणून आजोबांनी समजावलं, "दाताच्या मुळात बारीक नळी असते. तिथली सडलेली नस काढायची, मग हायपोक्लोराइटने (जंतू मारणाऱ्या तीव्र द्रावणाने) नळी धुवायची."

आईने तिच्या प्रयोगशाळेतून पेशीपट्ट्या (जिवंत पेशी आणि जंतू ठेवलेल्या काचा) आणल्या होत्या. एक पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवताच भिंतीवर मोठं चित्र उमटलं. भक्षकपेशी (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) सरपटत होत्या.

"गिळला! आजोबा, तिने जंतू गिळला!"

आजोबांनी तीव्र द्रावणाचा थेंब सोडला. जंतू थांबले. पाठोपाठ भक्षकपेशीही फुटल्या.

दुसऱ्या पट्टीवर त्यांनी पातळ द्रावण टाकलं. काही जंतू वाचले. ताजा थेंब, पुन्हा थेंब, मध्ये थांबणं. अर्ध्या तासाने जंतू संपले. बहुतेक भक्षकपेशी मात्र अजून हलत होत्या.

आजोबांनी द्रावणाच्या बाटलीला झाकण लावलं.

"मी तीव्र वापरायचो. पिचकारीही जोरात मारायचो. तांबेबाईंच्या वेळी द्रावण मुळाच्या टोकाबाहेर गेलं असणार."

"म्हणजे मेलेले जंतू, घाण उचलणाऱ्या पेशीच मेल्या? म्हणून सूज राहिली?"

"हो. आणि मी बाईंवरच ओरडलो होतो, गोळ्या वेळेवर घेत नाही म्हणून."

त्यांनी लगेच फोन लावला. तांबेबाई धुळ्याला लेकीकडे होत्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या.

"बाई, ती सूज माझ्यामुळे होती. तुम्हाला उगाच बोललो."

"अहो डॉक्टर, कुठलं काय घेऊन बसलात? दात अजून शाबूत आहे!"

आजोबा हसले, मग चष्मा पुसत बसले.

माझ्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी पातळ द्रावण हळूहळू, पुन्हा पुन्हा वापरलं. आजोबा बाहेर बसून होते.

आता, इतक्या वर्षांनी, तसं द्रावण शोधणं हेच माझं काम आहे: जंतूंना मारणारं, पण आपल्या पेशींना न दुखावणारं. अजून जमलेलं नाही. शंभरातल्या दहा पेशी मरतातच. पण आज सकाळी पट्टीवर सगळे जंतू निपचित पडले होते आणि त्यांच्यामधून एक भक्षकपेशी सावकाश पुढे सरकत होती.

खोलीत मी एकटीच होते. तरी तोंडातून निघून गेलं, "आजोबा, बघा."