डावीकडे बघणारा बगळा

दोन हजार सतरा साल. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा भरली, आणि त्या वर्षी घोंगडीवाल्यांच्या रांगेपेक्षा तयार शर्टांची रांग लांब झाली. जुनी माणसं चुकचुकली. एके काळी इथं लोक बैल पारखायला यायचे. आता पोरं एकमेकांच्या खिशावरचा मार्का पारखत होती.

काशी वडिलांसाठी घोंगडी घ्यायला आली होती. वय तेवीस, मुरबाडला एसटी स्टँडमागं तिचं शिवणकामाचं लहानसं दुकान होतं. शर्टांच्या एका ढिगापाशी तिचे पाय आपोआप थांबले.

"या ताई, बघा! ओरिजनल माल! भावाला न्या, नवऱ्याला न्या—"

"नवरा नाय."

"मग... मग तर नीट बघून घ्या," विकणारा म्हणाला, आणि स्वतःच लाजला.

उंच होता. रंगाने काळा, तुकतुकीत, भुवईवर जुना व्रण. अंगात ढिगातलाच पांढरा शर्ट, खिशावर निळ्या रेशमाचा बगळा. काशीने एक शर्ट उचलला, उलटा करून आतली गाठ बघितली.

"हा पक्षी कुठला म्हणायचा?"

"लंडनचा. कंपनीचा मार्का हाय तो."

"लंडनचा बगळा उजवीकडं बघतो. जाहिरातीत बघा कधी. हा डावीकडं बघतोय."

"तुमी काय कंपनीत कामाला?"

"नाय. पण हे टाके माझे हायेत."

झालं होतं असं, की शहापूरच्या कापडवाल्या हनुमानशेठने नमुन्याला एक खरा शर्ट तिच्याकडे धाडला होता. तिने कागदावर बगळा उतरवला, सुईने भोकं पाडली, रॉकेल आणि निळीचा बोळा फिरवून कापडावर छाप उठवली. आईच्या हाताखाली शिकलेली रीत. घाईत कागद तेवढा पालथा पडला. तीनशे बगळ्यांनी माना फिरवल्या आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. उलट, आसनगावचा एक जण खरा शर्ट घालून जत्रेत आला, तर पोरांनी 'नकली, नकली' म्हणून त्याचीच हुर्यो केली.

हे ऐकून तो पोट धरून हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "शेठला बोलू नका. तीनशे उसवायला लावील."

"तुमी बोलला नाय, तर मी कशाला बोलू?"

त्याचं नाव भगीरथ. वैशाखरे गावचा. हनुमानशेठच्या दुकानात कामाला. जत्रा उठली, आणि मुरबाडला कापडाचे गठ्ठे पोचवायचं काम त्याने मागून घेतलं. उंबऱ्यावर बसायचा, पाणी मागायचा, तांब्या रिकामा झाला तरी हातात धरून ठेवायचा.

"लोक कपडा बघत नायत, काशी. कोनी घातलाय ते बघतात."

"माझ्याकडं बायका येतात, मोबाइलमधे नटीचा ब्लाऊज दाखवतात. म्हणतात, अस्साच पायजे. मी म्हणते, ब्लाऊज अस्सा होईल, पाठ तुमचीच राहील."

"लई तोडून बोलतेस तू."

"शिवते पण."

असं बोलणं चालायचं. तो गेला की उंबऱ्याकडे बघायचं नाही, असं ती ठरवायची... आणि बघायची.

होळी झाली. एके दुपारी गठ्ठा ठेवून तो उभाच राहिला.

"आई वैशाखऱ्याला असते. तिला... तुला दाखवायचंय."

"मला दाखवायचंय, का मी तिला बघायचंय?"

"दोन्ही."

काशीने मशीनच्या चाकावर हात ठेवला. चाक थांबलं, हात मात्र बराच वेळ तिथंच होता. "बरं," ती म्हणाली. एवढंच.

लगीनसराईच्या तोंडावर हनुमानशेठने शहापुरात रस्त्याकडेला मोठी जाहिरात लावायचं ठरवलं. मुंबईहून नट आणायचा तर खर्च फार. त्याने भगीरथलाच सूट चढवला, फोटोवाला बोलावला. फलक लागला त्या रविवारी भगीरथ आईला एसटीने घेऊन आला. मुरबाडला काशी त्यांना मिळाली. भिमाबाई बुटकी, बोलायला कमी. प्रवासभर तिने काशीचा हात आपल्या मांडीवर धरून ठेवला होता. पसंती झाली, हे काशीला तेवढ्यावरून कळलं.

फलकाखाली उभं राहून भगीरथ म्हणाला, "आई, वर बघ. कोन हाय?"

भिमाबाईने डोळ्यांवर हात धरला. बराच वेळ बघितलं.

"चांगला हाय रे. कोना साहेबाचा पोर दिसतो. कोन ह्यो?"

फलकावरचा माणूस दुधासारखा गोरा होता. नाक फोटोवाल्याने सरळ, धारदार केलेलं. भुवईवरचा लहानपणीचा व्रणही गेला होता.

"आत्या... भगीरथ हाय तो," काशी म्हणाली.

म्हातारीने पुन्हा वर बघितलं, मग शेजारी उभ्या मुलाकडे. "नाय गो," ती शांतपणे म्हणाली. "ह्याला मी नाय जलम दिला."

तिला स्टँडवर सावलीत बसवून दोघं बाहेर आली. तेव्हा भगीरथने सांगितलं. फोटो मुंबईच्या एका एजंटला आवडला होता. जाहिरातींचं वर्षभराचं काम. फक्त चेहऱ्यावर इलाज करून घ्यावा लागेल. रंग उजळायचा, नाकाचं थोडं. सोमवारी निघायचं. लग्न पुढच्या वर्षी.

"फलकावरल्यासारखा होणार तू?"

"तसाच." मग एकदम तो उसळला. "तुला काय म्हाईत? कल्याणला शोरूममधे गेलतो कामाला. म्हणाले, गिऱ्हाइकासमोर नको, मागं गोडाऊनमधे राहशील का? त्यांचाच शर्ट घातलावता मी!"



"म्हाईत हाय मला," काशी म्हणाली. "दोन स्थळं आली माझ्याकडं. दोघांनी पोहे खाल्ले. दोघांनी निरोप धाडला, पोरगी हुशार हाय, पण रंग... पुढचं बोलले पण नायत."

भगीरथने रुमालाने कपाळ पुसलं.

"नकली बगळे काढून मी पोट भरते, भगीरथ. मला नकलेचं वावडं नाय. तू सूट घाल, टोपी घाल, काय वाटेल ते घाल. पण आज तुझ्या आईनं तुला ओळखलं नाय... ते मला नाय सोसलं. उद्या तू तसा झालास, तर माझ्या दारात कोन येऊन बसल? मला तर ह्योच पायजे." तिने बोट त्याच्या भुवईवरच्या व्रणाकडे नेलं. लावलं नाही. भर रस्ता होता. "ह्योच."

आतून भिमाबाईने हाक मारली. वैशाखऱ्याची गाडी लागली होती.

सोमवारी भगीरथ गेला नाही.

दुसऱ्या वर्षी वैशाखात दोघांचं लग्न झालं. हनुमानशेठने पुढच्या फलकासाठी मुंबईचा गोरा मुलगा आणला, आणि त्या वर्षी त्याचा माल दुपटीने खपला. पुढं टाळेबंदीत त्याचं दुकान बंद पडलं. आता तिथं मोबाइलवाला आहे. भिमाबाई लग्नानंतर अखेरपर्यंत मुरबाडलाच, काशीपाशी राहिली. दोन हजार एकवीसच्या पावसाळ्यात गेली, झोपेतच. काशीच्या दुकानात आता तीन मशीनं आहेत. भगीरथ कापायचं काम शिकला. तालुक्यात त्याच्यासारखी पँट कुणी बेतत नाही.

फोटो मात्र तो काढू देत नाही. लग्नाच्या अल्बममध्येही मान खालीच. सहा वर्षांची लेक फोन घेऊन मागं लागली, तरी हसून आत निघून जातो. आपण त्याला राखलं, की त्याची एक वाट बंद केली, हे काशीला आजवर ठरवता आलेलं नाही. एकदा तिने धीर करून विचारलंही.

"दुपारचं जेवायला वाढ," तो म्हणाला. "आन् समोर बस."

ती बसली.