तिसरा खण

सांताक्रूझला एक जुना बंगला पाडत होते. त्याच्या जिन्याचं सागवान विकायला काढलंय असं कळल्याबरोबर सहदेव सकाळचा चहा अर्धा टाकून निघाला आणि दुपारी हातगाडीवर फळ्या लादून अंधेरीच्या चाळीत परतला. वाटेत त्याने हातगाडी दहा वेळा थांबवली असेल. फळीवरून हात फिरवायचा, नाक लावून वास घ्यायचा, पुन्हा "चल" म्हणायचं. हातगाडीवाला पार वैतागून गेला, पण सहदेवला त्या दिवशी कुणाच्या वैतागाची पर्वा नव्हती.

सहदेव सुतार होता, पण सिनेमातला. मढच्या भाड्याच्या बंगल्यांत आणि गोरेगावच्या स्टुडिओत तो महाल उभे करायचा, तुरुंग उभे करायचा, आणि शूटिंग संपलं की तेच तोडायचा. सगळं काम प्लायवूड, खिळे आणि रंगाचं. त्याचे वडील, पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार दत्ताराम, आयुष्यात एकदाच सेट बघायला आले होते. सहदेवने हौसेने त्यांना राजवाड्याचा दरवाजा दाखवला. म्हाताऱ्याने बोटाच्या पेराने तो तीनदा ठोकला, मग ढकलला आणि पलीकडे डोकावून पाहिलं. पलीकडे बांबूंच्या आधाराला एक कुत्रं झोपलं होतं.

"पाठी काय नाय," एवढंच ते म्हणाले.

पुढे घरात सहदेवने साधं स्टूल केलं तरी ते तीनदा ठोकायचे आणि काही न बोलता पेपर उघडायचे. शाब्बास म्हणाले असते तर जीभ झिजली नसती, पण नाही म्हणाले. आणि गेल्या वर्षी तसेच गेले. म्हणून आता वर्षश्राद्धाच्या आत त्यांच्या पलटणीतल्या सगळ्या वस्तूंसाठी एक शोकेस करायची, अस्सल सागवानाची, पुढून जशी तशीच मागूनही, हे सहदेवने मनाशी पक्कं केलं होतं. स्टुडिओतली चार दिवसांची कामं त्याने सोडून दिली. चाळीत शोकेस म्हणजे टीव्ही, काचेची बाहुली आणि प्लॅस्टिकची फुलं. हवालदाराची शोकेस कुणी बघितली नव्हती. शेजारीपाजारी रोज येऊन चौकशी करू लागले आणि सहदेवच्या अंगात दहा जणांचं बळ आलं.

आधी वस्तू मांडून बघायला हव्या होत्या. त्याची आई शेवंती हिने काळी ट्रंक उघडली आणि खाली खाकी कांबळं पसरलं. डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या चामड्याचा वास खोलीभर झाला. दत्ताराम दर रविवारी अशीच मांडामांड करायचे. टोपी, पट्टा, इटलीच्या लढाईतली पदकं, शिटी, वस्तरा, मग. सगळं एका ओळीत, आणि दोन वस्तूंमध्ये काड्यापेटी बसेल एवढीच फट. सहदेव मांडत गेला आणि शेवंती काड्यापेटी घेऊन मागून तपासत गेली.

"बिल्लो खंय ठेवतंस? तो शेवटाक," ती म्हणाली.

बिल्ला म्हणजे नंबर कोरलेली गोल चकती. ती दत्तारामांनी पलटण सुटल्यावरही गळ्यातून कधी काढली नाही. दर रविवारी मांडलेल्या ओळीत शेवटची जागा ते तिच्यासाठी मोकळी ठेवायचे.

"मी एकदा विचारलंय, ही जागा मोकळी कशाक? तर म्हणाले, ती माणूस गेल्यावर भरतत," शेवंती म्हणाली आणि तिने पदराने डोळे पुसले. चकती सहदेवनेच स्मशानात त्यांच्या गळ्यातून काढली होती. आता तो ती ठेवायला वाकला तेव्हा त्याच्या स्वतःच्या गळ्यातला चांदीचा चौकोनी ताईत ट्रंकेवर खणकन आपटला. लहानपणी तापात हातचा जात होता तेव्हा आईने तो काळ्या दोऱ्यात बांधला होता. त्याची मानेमागची गाठ इतकी आवळून बसली होती की त्याची बायको प्रेमा हिलासुद्धा ती कधी सुटली नव्हती.

त्या मांडणीवरूनच सहदेवने खडूने जमिनीवर शोकेस आखली. वर काचेची दारं, आत पायऱ्यापायऱ्यांच्या फळ्या, खाली दोन खण, एक वर्दीला आणि एक कागदपत्रांना. कामाला लागल्यावर त्याला जेवणाचं भान राहिलं नाही. रंध्याखालून सागवानाच्या पिवळ्या साली निघत होत्या, चाळीच्या गॅलरीत त्यांचा ढीग पडत होता आणि प्रेमा रोज तो झाडता झाडता हसत होती.

"अहो, लग्नाआधी मला भेटायला यायचात तेव्हापण एवढे खूश नव्हता," ती म्हणाली.

"तेव्हा सागवान नव्हतं ना गं."

सगळं जुळत आलं आणि तिथेच सहदेवच्या हाताने घात केला. खालच्या पट्ट्यात दोन खण बसवल्यावर उजवीकडचा कोपरा कोरा राहिला. तिथे आतून जाडजूड ठोकळा होता, सगळ्या शोकेसचा भार त्याच्यावर. पुढून ते एकांगी दिसत होतं. सेटवर अशा वेळी काय करतात ते हाताला पाठ होतं. त्याने ठोकळ्यावर खणासारखी पट्टी चिकटवली, चार स्क्रू मारले, पितळी मूठ बसवली. नुसती शोभा. मागे सुपारी ठेवायलासुद्धा जागा नाही. मागे सरून पाहिलं तर एकदम झकास दिसत होतं. एवढ्याने काय होतं, असं म्हणत तो हात धुवायला वळला.

ठक. ठक. ठक.

टळटळीत दुपार होती. प्रेमा नळावर गेली होती, आई शेजारी. सहदेवने वळून पाहिलं. नवीन लाकूड तडकतं, हे त्याला माहीत होतं. पण तडकणारं लाकूड असं सारखं अंतर ठेवून वाजत नाही. आणि आवाज उजव्या कोपऱ्यातून, आतून आला होता.

संध्याकाळी त्याची कानावरची पेन्सिल सापडेना. दुसऱ्या दिवशी लाकूड कोरायची पटाशी गेली, बारा वर्षं हाताला बसलेली. मग स्टुडिओचा फोटोचा पास गेला, मग मोजपट्टी. त्याने घर उलथंपालथं केलं, प्रेमाशी भांडला, नंतर तिची माफी मागितली. दुपारी एकटा असला की ठक ठक ठक व्हायचं, आणि प्रत्येक वेळी त्याला ती पट्टी उखडून टाकावीशी वाटायची. पण पॉलिश चढलं होतं. उखडली असती तर दर्शनी बाजूची वाट लागली असती, आणि श्राद्ध तर तोंडावर आलं होतं. पाहुणे गेले की काढतो, असं तो त्या कोपऱ्याकडे बघून हळूच म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

श्राद्धाला कणकवलीहून लवूकाका आले, निवृत्त सुभेदार, दत्तारामांचे पलटणीतले जोडीदार. पानं उठली. अर्धी चाळ दारात जमली. सहदेवने शोकेसवरची चादर ओढली आणि लोकांच्या तोंडून एकदम "वा" निघालं. पॉलिशमध्ये खिडकी दिसत होती. काचेमागे पदकं झळकत होती, शेवटच्या जागी बिल्ला. लवूकाका उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि त्यांनी सॅल्यूट ठोकला. सहदेवची छाती भरून आली.

मग काका तपासणीला लागले. जुनी सवय, तिला कोण काय करणार? त्यांनी शोकेस भिंतीपासून ओढायला लावली, पाठीवरून हात फिरवला, मान डोलावली. पहिला खण ओढून पाहिला. दुसरा ओढून पाहिला. मग त्यांचा हात तिसऱ्या मुठीकडे गेला.

"काकानू, तो..." सहदेव एक पाऊल पुढे आला. एवढ्या माणसांत आता काका म्हणणार, पाठी काय नाय. त्याने डोळे मिटून घेतले.

लाकडावर लाकूड सरकल्याचा मऊ आवाज आला.

"शाब्बास," लवूकाका म्हणाले. "सगळा जागच्या जागी. बापूस बघूक होयो होतो रे तुझो."

सहदेवने डोळे उघडले. खण उघडा होता, कोपरभर बाहेर आला होता. त्यात खाकी कापड अंथरलेलं होतं आणि त्यावर एका ओळीत पेन्सिल, पटाशी, मोजपट्टी, पास. पटाशीला नवी धार लावलेली होती. दोन वस्तूंमध्ये काड्यापेटी बसेल एवढीच फट.

"बरा केलंस, झिला," शेवंती रडत रडत हसत होती. "बापसाच्या सामानाबरोबर तुझाय सामान मांडलंस."

एक क्षणभर, खरंच एक क्षणभर, सहदेवला नुसता आनंद झाला. स्वतः एक वस्तूही त्याने तिथे ठेवली नव्हती. म्हणजे बाबांनी त्याची पटाशी ओळीत घेतली होती. आपल्या पदकांच्या खाली, आपल्या हाताने. जन्मभर ज्या एका शब्दासाठी तो झुरला, तो शब्दच जणू त्या कापडावर मांडून ठेवला होता. त्याने गुडघे टेकले आणि खणात हात घातला. आत, खूप आत हात गेला. ठोकळा कुठेच लागला नाही. बोटांना गार वारा लागला, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला.

त्याने हात झटकन बाहेर घेतला.

"ही जागा मोकळी कशाक रे?" लवूकाकांनी ओळीच्या शेवटी बोट ठेवलं. मग स्वतःच हसले. "हां, बिल्ल्याची मा ती..."

दारातली माणसंही हसली. फक्त प्रेमा हसली नाही. ती सहदेवच्या खांद्यावरून वाकून बघत होती. पासाच्या पुढे, काड्यापेटीएवढी फट सोडून, कापड जरासं दबलेलं होतं. एखाद्या वस्तूसाठी आधीच जागा करून ठेवावी, तसं.

"अहो..." ती अगदी हळू म्हणाली. "बिल्ला तर गोल असतो ना... ही जागा चौकोनी आहे."

सहदेवचा हात गळ्याकडे गेला. ताईत होता. छातीवर, जागच्या जागी होता. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि सवयीने बोटं मानेमागे नेऊन दोऱ्याची गाठ चाचपली.

तीस वर्षांची आवळलेली ती गाठ एका वेढ्याने सुटलेली होती.