नवी लागण शून्य

तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलमागे आता कुणी कुणाची सुई वापरत नसे. मनात आलं तरी वापरता येत नसे. एकरक्ती सुईनं तो प्रश्नच मिटवला होता.

या सुईच्या आत एक पातळ लेप असे. पहिल्यांदा ज्याचं रक्त लागेल, त्याच्या पेशींवरची खूण तो लेप ओळखून ठेवी. दुसऱ्या कुणाच्या रक्ताचा थेंब लागला, की लेप टम्म फुगायचा आणि सुईचं भोक कायमचं बुजायचं. एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जाणाऱ्या एचआयव्हीची वाटच बंद. सुईनं नशा करणाऱ्यांमधली नवी लागण घटत घटत अखेर शून्यावर आली.

त्या शून्यानं मालन खरातचं डोकं उठवलं होतं.

मालन टर्मिनलमागच्या सेंटरवर काम करायची. सुया द्यायच्या, जखमा धुवायच्या, नशा सोडू पाहणाऱ्याला रोजची गोळी द्यायची, जास्त डोस होऊन कुणी निळा पडला तर श्वास परत आणणारं इंजेक्शन टोचायचं. शून्याची बातमी आली आणि लगोलग सेंटरला सरकारी कुलूप लागलं. सुया यापुढे यंत्रातून मिळतील, असं वरून कळवलं गेलं.

कचेऱ्यांचे उंबरे झिजवून वैतागलेली मालन शेवटी ही सुई शोधून काढणाऱ्या डॉ. टिपणिसांकडेच गेली.

"सेंटर एचआयव्हीसाठी होतं," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "तो थांबला. हे तुमचंही यश आहे."

"आमच्याकडे येणारा इदरीस जास्त डोस होऊन आमच्याच बंद दारासमोर मेला, डॉक्टर. औषध आत कपाटात पडून होतं. त्याची सुई मात्र अगदी स्वच्छ होती."

टिपणिसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खरं सांगू? पैसा त्या लोकांसाठी कधी नव्हताच. त्यांचा रोग त्यांच्या बायकांना होईल, मग आपल्या घरापर्यंत येईल, ही भीती होती. सेंटर त्या भीतीवर चालायचं. मी ती भीतीच काढून टाकली."

"मग आता उघडणार कधी?"

"नवी लागण सापडली तर. तिथून एक वर्ष चालू राहील. नियमच तसा आहे."

ती परतली तेव्हा बस्त्याव सेंटरच्या पायरीवर बसला होता. वसईचा माणूस, एकेकाळी ट्रक चालवायचा. इदरीस त्याच्याच मांडीवर गेला होता.

"काय म्हणाले, ताई?"

"एक पॉझिटिव्ह आणा म्हणाले. म्हणजे वर्षभर उघडू."

"एकच?"

"गप बस तू. आधीच डोकं फिरलंय माझं."

त्यानंतर बस्त्याव बरेच दिवस दिसला नाही. पावसाळा सरता सरता तो तिच्या दारात उभा राहिला आणि "माझी टेस्ट करा" म्हणाला. मालननं केली. पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

"कशी झाली रे?" तिनं विचारलं, आणि विचारताना तिला उत्तर कळलं.

"जुनी सुई मिळाली भंगारात. साधी. नानाला आधीपासूनच एचआयव्ही, आणि आपलं सेंटर बंद झाल्यापासून तो त्याच्या गोळ्या आणायला गेलेला नाही. आधी त्यानं ती सुई वापरली, मग मी."

"अक्कल गहाण टाकलीस का? जन्मभर औषध घ्यावं लागेल तुला."

"घेईन की. औषध घेऊन माणसं जगतात, तुम्हीच सांगता. इदरीसला जगायला काय मिळालं?" त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "पाठवा आता ते वरती. फुकट नको जायला."

मालन त्याला वाटेल ते बोलली. बोलता बोलता तिचा आवाज बसला. ही लागण कळवली, तर त्याच्या वेडेपणाला फळ येणार होतं. दडवली, तर कुलूप तसंच राहणार होतं. स्वतःवर चरफडत तिनं ती कळवली.

आठवड्यात सेंटर उघडलं. वरून पथक आलं, नानाच्या गोळ्या सुरू झाल्या, बस्त्यावच्याही. एका सकाळी निळ्या पडलेल्या एका पोरीचा श्वास मालननं परत आणला. ती उठून बसली, पाणी मागू लागली, तेव्हा मालनला कित्येक महिन्यांनी बरं वाटलं.

त्याच दुपारी दिनकर आला. नशा सोडायच्या गोळीवर तो चांगला टिकला होता, अंगही भरलं होतं त्याचं. गोळी गिळून त्यानं पेला खाली ठेवला.

"ताई, तुम्ही काळजी करू नका. सगळ्यांनी बसून ठरवलंय. बस्त्यावचं वर्ष संपलं, की पुढचं माझं."