दोन्ही हात आडवे

ठमीने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते पायांपासून. खोटं नाही सांगत!

ऑपरेशनचा तिसरा दिवस. कमरेभोवती गोल टाके, त्यावर घट्ट पट्टा, आणि डॉक्टरीणबाईंची ताकीद, "पंधरा दिवस वाकूनच चालायचं. ताठ व्हायला गेलात तर टाके उसवतील." मग दिसणार काय, तर फरशी. एका हाताने भिंत धरायची, दुसऱ्या हातात ड्रेनच्या नळीची पिशवी सांभाळायची, असं करत ठमी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून निघाली होती. तेवढ्यात समोरून निळ्या रबरी चपला आल्या. डावीचा बंद तुटलेला आणि तांब्याच्या तारेने बांधलेला. ती डावीकडे सरकली, चपलाही तिकडेच सरकल्या. ती उजवीकडे, चपला उजवीकडे. मग दोन डोकी एकमेकांवर आदळली.

"बाजूला व्हा की हो," ठमी म्हणाली.

"तुम्हीच व्हा. मला चटकन वळता येत नाही."

"मलाही येत नाही."

"मग... आता?"

"आता काय! संध्याकाळचं जेवण इथेच आणून देतील."

तो खदखदून हसला आणि लगेच पोट धरून कळवळला. "अहो, हसवू नका! टाके आहेत पोटाला!"

"मला पण आहेत," असं म्हणता म्हणता ठमीलाही हसू फुटलं, आणि मग दोघंही भिंतीला टेकून 'आई गं', 'आई गं' करत हसत राहिली. मान तिरकी करून तिने वर पाहिलं. आठ दिवसांची दाढी, आणि दुखत असूनही मिश्कील दिसणारे डोळे. एवढंच दिसलं. त्याहून जास्त मान वळवायची तर पोटाला ताण बसत होता.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. एकट्याने मोटर उचलायचा शहाणपणा केला आणि हर्निया करून घेतला. ठमीच्या पायात तिच्या बाबांच्या जुन्या चपला होत्या, दोन नंबर मोठ्या, चालताना फटक फटक वाजणाऱ्या. "या काय ढापलेल्या आहेत?" त्याने विचारलं. "तुमची तार तरी कुठे विकतची आहे?" ती म्हणाली. त्या दिवसापासून तो तिचा तारवाला झाला. तिची आत्या खोलीतून "ठमे, अगं ठमे!" अशा हाका मारायची, म्हणून तिचं नाव त्याला न विचारताच मिळालं.

नाव ठमी, पण आता ती ठमी कुठे राहिली होती! चार वर्षांत तिने साठ किलो उतरवले होते. कुणाच्या टोमण्यांसाठी नाही हं, टोमणे तर तिने लहानपणापासून पचवलेले. ती गोदीत कामाला होती. नऊ वर्षं खाली उभी राहून क्रेनला हातांनी इशारे द्यायची, आणि मनात एकच ध्यास, वरच्या केबिनमध्ये बसून क्रेन स्वतः चालवायची. केबिनला जायला दीडशे पायऱ्यांची उभी लोखंडी शिडी, आणि शिडीवरचा सेफ्टी बेल्ट शंभर किलोपर्यंतचाच. ठमी तेव्हा एकशे तीस. मग तिने वजन उतरवलं, हट्टाने, ताटावर पहारा ठेवून. पण वजन गेलं तरी कातडी थोडीच जाते? ती लोंबत राहिली. क्रेन चालवायच्या परीक्षेच्या दिवशी विसाव्या पायरीवर बेल्टचा पट्टा त्या घडीत रुतला, शर्ट रक्ताने भरला आणि परीक्षकांनी तिला खाली उतरवलं. आता एकच संधी उरली होती, चार महिन्यांवर. ती हुकली की जागा दुसऱ्याला. म्हणून आधी दंडांचं ऑपरेशन झालं, आणि आता हे पोटाचं.

"पुरे की गं कापाकापी," आत्या म्हणायची. "एवढं वजन उतरवलंस, ते काय थोडं झालं? कपड्यांखाली कोण बघायला येतंय?"

"मी बघते ना, आत्या. आणि तो बेल्ट बघतो."

 आत्या आपली डोळे पुसून पुन्हा शब्दकोड्यात डोकं घालायची.

दुसऱ्या दिवसापासून ठमीने तारवाल्याला कामाला लावलं. आज कॉरिडॉरच्या चार फेऱ्या, उद्या आठ, परवा बारा.

"बाई, मी आजारी माणूस आहे!"

"आजारी नाही, आळशी आहात. चला."

चालताना बोलायला फरशीशिवाय दुसरा विषय हवा, म्हणून तिने त्याला क्रेनचे इशारे शिकवले. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की उतरव. मनगट हळू हलवलं की जरा दमाने.

"आणि दोन्ही हात आडवे पसरले की?"

"थांब! एरवी क्रेनवाला फक्त इशारेवाल्याचंच ऐकतो. पण हा इशारा कुणीही द्यावा. शिपायाने द्यावा, चहावाल्याने द्यावा, ऐकावाच लागतो. असाल तिथे थांबायचं. आणि ज्याने दिला, तोच मागे घेईपर्यंत हलायचं नाही."

तारवाल्याने तिथल्या तिथे दोन्ही हात पसरले. समोरून औषधांची ट्रॉली घेऊन येणाऱ्या सिस्टर खरंच थांबल्या.

"बघा! चालतोय इशारा!"

"मी आले तिकडे तर सुई टोचेन," सिस्टर म्हणाल्या, आणि तो मुकाट्याने भिंतीला चिकटला.

हसू ओसरल्यावर त्याने विचारलं, "तुम्ही का नाही करून दाखवत? नुसती बोटं हलवता."

"खांदे... दुखतात," ठमी म्हणाली आणि तिने शाल आणखी घट्ट ओढून घेतली. खांदे बिलकूल दुखत नव्हते. काखेपासून कोपरापर्यंत दोन्ही दंडांवर लांबच लांब व्रण होते, अजून लालसर, आणि ते त्याला दिसू नयेत असं तिला फार वाटत होतं. असं का वाटतंय, हे कळलं तेव्हा तिची तिलाच धडकी भरली.

ओळख झाल्याच्या पाचव्या दिवशी त्याला घरी सोडलं. तपासणीला खालच्या मजल्यावर जायचं निमित्त करून ठमीही लिफ्टमध्ये त्याच्याबरोबर शिरली. मागोमाग एक सुटाबुटातले गृहस्थ घुसले आणि लिफ्टची घंटा वाजायला लागली. वजन जास्त झालं होतं. ठमी लगेच बाहेर पडली.

"तुम्ही कुठे निघालात?" तारवाला आतून म्हणाला.

"मी जिन्याने येते. सवय आहे."

"टाके असताना जिन्याने? आणि सवय कसली?" त्याचा आवाज एकदम बदलला. "अहो साहेब, शेवटी चढला त्याने उतरायचं असतं. तुम्ही उतरा."

गृहस्थ कुरकुरत उतरले. ठमी परत आत आली.  इतक्या वर्षांत घंटा वाजली की सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळायच्या आणि ती उतरायची, मग ती पहिली चढलेली का असेना. शेवटचा कोण, हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. 

"सोमवारी... तपासायला याल ना?" दारात तो म्हणाला. "पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या. अकराला. मीही येणारच आहे."

"बघू," ठमी म्हणाली. पण बघायचं काय त्यात, तिने मनात तारीख पक्की केलीसुद्धा.

त्या सोमवारी ती आली ती ताठ चालत! पायात नवे सँडल, स्वतःच्या मापाचे. पायसुद्धा बारीक होतात हो, हे तिलाही आताच कळलं होतं. बाहेर रिमझिम पाऊस, आत भिजलेल्या छत्र्यांची रांग. आत्या बाकावर टेकली, आणि काउंटरवरून एक ओळखीचा आवाज आला. गुळगुळीत दाढी, पॉलिश केलेले बूट, आणि... बाप रे, केवढा उंच! तो वळला. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर आली, क्षणभर थांबली आणि पुढे सरकली. बाकाखाली, दाराशी, पायऱ्यांवर फिरत राहिली.

ठमीच्या काळजात चर्र झालं. ही सरकून जाणारी नजर तिच्या चांगलीच ओळखीची होती. आयुष्यभर तेच तर झालं होतं. साठ किलो गेले, कातडी गेली, आणि हे तसंच राहिलं. टाके दाखवून झाल्याबरोबर ती मागे न बघता बाहेर पडली आणि समोरच्या टॅक्सीत बसली.

"ठमे! अगं ठमे, थांब, पिशवी राहिली!" आत्या आतून ओरडत आली.

ठमी ड्रायव्हरला सांगायच्या आतच टॅक्सी जरा पुढे सरकली आणि कचकन थांबली. पावसात, भर रस्त्यात, पोटाला एक हातसुद्धा न लावता तारवाला उभा होता. दोन्ही हात आडवे पसरून.

"मरायचंय का?" ड्रायव्हर ओरडला. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले.

"थांबा," ठमी म्हणाली. "थांबावंच लागतं." आणि ती खाली उतरली.

"अहो, मी चपला शोधत होतो!" तो धापा टाकत म्हणाला. "मला तुमचा चेहरा कधी सरळ दिसलाय का? एवढी ताठ बाई समोर आली, मला वाटलं नवीन डॉक्टर! आत्यांची हाक ऐकली तेव्हा कुठे..."

हसावं की रडावं तिला कळेना. ती तरी त्याला कुठे ओळखणार होती, आवाज ऐकला नसता तर! मग तिने ठरवलं, आता सांगूनच टाकायचं. पावसात भिजत तिने सगळं सांगितलं. एकशे तीस किलो, शिडी, शर्टवरचं रक्त, दंडांवरचे व्रण, कमरेभोवतीचा गोल व्रण, जो कधीच जाणार नाही. "लिफ्टमधून किती वेळा उतरलेय, मोजलंही नाही," ती म्हणाली. "आता कळलं कसली सवय ते?"

 "त्या घंटा मीच बसवतो," तो सावकाश म्हणाला. "त्यातल्या काही माझ्याही असतील. पण आम्ही ती घंटा कुणा एकाकडे बोट दाखवायला नाही बसवत हो... लोकच तसं करतात." मग त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. "मला तुम्ही आवडता. वाकलेल्या होतात तेव्हाच आवडलात. आता तर..."

"आता तर काय?"

"आता तर मान वर करून बोलता येतंय."

ठमीचे कान तापले. पण ती ठमी होती. "आधी शिडी," ती म्हणाली. "शिडीवरून खाली उतरले की उत्तर देईन."

"आणि... नाही जमलं तर?"

"तरी देईन. पण मला ते जमवूनच द्यायचंय."

"बरं, हात खाली घेऊ का मग? दंड भरून आले."

"घ्या, घ्या. लोक शिव्या घालतायत."

सगळं सरळ झालं असं नाही. महिन्याभराने डाव्या बाजूचा टाका उघडला आणि तीन आठवडे रोज ड्रेसिंग आलं. पहिल्या दिवशी ठमी हमसून हमसून रडली, "नाही होणार हे माझ्याच्याने." तारवाल्याने समजूत घातली नाही. "आज जिना नको. हातांनी दोरी ओढायची, वीस वेळा. मी मोजतो," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी एकवीस. जखम भरल्यावर तो तिच्या इमारतीचा जिना तिच्याबरोबर चढायचा. लिफ्टच्या मेकॅनिकला जिने चढायला लावणारी पहिलीच बाई तू, म्हणायचा. तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

परीक्षेच्या दिवशी ऊन कडक होतं. ठमीने गोदीचा अर्ध्या बाह्यांचा उन्हाळी शर्ट घातला, नऊ वर्षांत पहिल्यांदा. बेल्ट कमरेला बसला, सपाट, कुठेही न रुतता. तिने बेल्टचा आकडा शिडीला अडकवला आणि चढायला सुरुवात केली. आकडा सोडायचा, वर अडकवायचा, मग पाऊल. विसाव्या पायरीवर ती थांबली आणि तिने शर्टकडे पाहिलं. कोरडा होता. मग ती थांबलीच नाही. शंभराव्या पायरीला पोट ओढलं गेलं, मांड्या थरथरल्या, वाऱ्याने डोळ्यांत पाणी आणलं. "आलेय मी," ती दात आवळून शिडीलाच म्हणाली. केबिनमध्ये बसून तिने खालून आलेल्या इशाऱ्यावर पेटी उचलली, वळवली आणि खडूच्या चौकटीत अलगद टेकवली.

परीक्षकांनी कागदावर सही केली. "सोमवारपासून वर," ते म्हणाले.

ठमी उतरली तेव्हा तिचं तोंड हसून दुखत होतं. पिवळ्या रेषेपलीकडे आत्या डोळे पुसत होती. तारवाला मात्र राहवलं नाही म्हणून रेषा ओलांडून निघालाच होता.

ठमीने दोन्ही हात आडवे पसरले. पूर्ण, खांद्यांपासून बोटांपर्यंत. दंडांवरचे दोन्ही व्रण उन्हात सगळ्यांना दिसले आणि तिने ते दिसू दिले.

तो एक पाय पुढे टाकलेला तसाच थांबला. "काय झालं?"

"नियम माहीत आहे ना?"

"आहे. असाल तिथे थांबायचं. तू मागे घेईपर्यंत हलायचं नाही." त्याने तिच्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "आणि... माझं उत्तर?"

"हेच," ठमी म्हणाली. हात तसेच पसरून ती त्याच्याकडे चालत आली. "कुठे जायचं नाही. मी हा इशारा मागे घेणार नाहीये."