साखूचा घास

माझ्या पालीला, साखूला, अजिबात दिसत नाही, असं नाही. उजेड-अंधार तिला कळतो. चिमट्यात धरलेली अळी नाकासमोर वळवळली की ती मान तिरकी करते, नेम धरते आणि झडप घालते, ती नेमकी बोटभर बाजूला. तोंडात हवा येते, नाहीतर माझं बोट. मग ती पुन्हा नेम धरते. तिचा धीर सुटत नाही, माझा सुटतो. पण राग तिचा येत नाही, नोपचा येतो.

नोप माझा धाकटा भाऊ. लांपांगच्या बाजारामागे त्याचं पाळीव पालींचं दुकान होतं. पांढऱ्याशुभ्र, लाल डोळ्यांच्या पालींसाठी बँकॉकची पोरं त्याच्याकडे खेटे घालायची. तो रंग मिळावा म्हणून नोप भावाबहिणींच्याच जोड्या लावायचा, आणि त्यातून कितीतरी पिल्लं अधू डोळ्यांची निपजायची.

"लोक पाल बघायला घेतात, दादा," तो हसायचा. "तिला कुठे काय बघायचंय?"

लहानपणापासून असाच. स्वतःचं ताट भरलेलं असताना माझ्या ताटात हात घालायचा, वरून दोन बोटांनी मासा उचलायचा आणि दात काढायचा. आई म्हणायची, लहान आहे तो. चाळिशी उलटली तरी लहानच राहिला. दारू पिऊन मोटरसायकल खांबावर घातली, तेव्हासुद्धा.

त्याच्या दहनाआधी रोज जेवणाच्या वेळी शवपेटीपुढे ताट ठेवलं जात होतं. पेटीवर टकटक करून मेलेल्याला जेवायला बोलवायचं, ही आमच्याकडची रीत. सगळ्यांनी ती पाळली. माझी पाळी आली तेव्हा मी खिशातून हात काढला नाही. जिवंतपणी न बोलावता माझ्या ताटावर यायचा, आता वर आमंत्रण कशाला?

दुकानातल्या पाली त्याची बायको रिन हिने विकून टाकल्या. साखू तेवढी कुणी घेईना. साखू म्हणजे आमच्याकडे साबुदाणा, रंगही तसाच. प्लॅस्टिकच्या डब्यात घालून रिन तिला माझ्या दारात घेऊन आली.

"बाहेर सोडली तर मुंग्या खातील हिला, दादा."

मी ओरडलो. रिनवर नव्हे, नोपवर, पण ऐकून तिलाच घ्यावं लागलं. मग डबा ठेवून घेतला.

मी चिनी मातीच्या वाडग्यांच्या कारखान्यात भट्टी सांभाळतो. भट्टीवाल्याचा विश्वास तापमापकावर असतो. साखूसाठी मी उरलेल्या सागवानाची पेटी केली. पुढे काच, खाली गरम पट्टी, लपायला फुटका वाडगा उलटा घातलेला. आंधळ्याच्या घरातलं सामान हलवायचं नसतं, म्हणून एकही वस्तू जागची हलवली नाही. घास कुठे येणार हे तिला कळावं म्हणून पेटीच्या डाव्या कोपऱ्यावर टकटक करायची, "ये, जेवायला ये" म्हणायचं आणि अळी तिथेच धरायची. लाकडातला कंप तिच्या पायांना कळतो. साधा व्यवहार आहे. थोड्याच दिवसांत ती टकटक झाली की कोपऱ्याशी यायला लागली.

माझी बायको लामदुआन हिला ते खटकलं.

"लाकडी पेटीवर टकटक करून जेवायला काय बोलावता? टाळी वाजवा हवं तर."

"पालीला कंप लागतो."

"अहो, नोपला जाऊन शंभर दिवसही भरले नाहीत अजून."

"मग तो काय अळ्या खायला येणार आहे?" मी म्हणालो.

पुढे साखू त्या कोपऱ्याकडे फिरकेनाशी झाली. टकटक केली की उलट मागे सरायची आणि उजव्या कोपऱ्यात अंग चोरून बसायची. मी अळ्या वाटीत ठेवू लागलो. वाटी रिकामी व्हायची. पण तिची शेपटी बारीक होत चालली. या पालींची सगळी पुंजी शेपटीत असते, ती वाळली की पाल गेली. पेटीत लेंडीही दिसेना. मी फटी तपासल्या, मुंग्यांची वाट शोधली, पट्टीची ऊब मोजली. सगळं जागच्या जागी होतं.

जनावरांच्या डॉक्टरने तिचं पोट चाचपलं. "हिच्या पोटात काहीच नाही. खायला घाला हिला," तो म्हणाला. मी त्याच्या अंगावर धावून जायचा तेवढा बाकी होतो.

रविवारी भर दुपारी, डोळ्यांदेखत काय होतं ते बघायचंच, असं ठरवून मी बसलो. टकटक केली. कोपऱ्यात अळी धरली.

साखू उजव्या बाजूला होती. तिने मान उचलली. नाकासमोरचं न दिसणारी पाल चिमट्याच्या जरा वर एका जागी बघत होती. नजर ढळत नव्हती.

चिमट्याला हिसका बसला.

अळी गेली.

मी दुसरी धरली. पुन्हा हिसका, वरून.

तो हिसका माझ्या ओळखीचा होता.

मला भीती वाटली नाही. डोकं सणकलं. "मेल्यावरसुद्धा?" मी ओरडलो. "आधी हिचे डोळे खाल्लेस, आता तोंडचा घासही? लाज नाही वाटत? एवढी भूक लागली असेल तर माझ्या ताटात घाल हात, नेहमीसारखा! हिच्या नाही!"

लामदुआन दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"सगळ्यांनी बोलावलं, तेव्हा नाही आला," ती म्हणाली. "तुमच्या हातची टकटक तेवढी राहिली होती." मग म्हणाली, "आत्ता बोललात ते परत घ्या."

"घेणार नाही."

संध्याकाळी साखू डाव्या कोपऱ्यात आली. नेम चुकला, पुन्हा चुकला आणि मग तिने अळी गट्ट केली. आता तिची शेपटी माझ्या अंगठ्याएवढी झाली आहे.

मला मात्र भाताला चव लागत नाही, मिरचीलाही नाही. ताट पुसून उठतो आणि भूक तशीच राहते. पट्ट्याला नवं भोक पाडलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, काही सापडलं नाही. नीट खात जा, म्हणाले. लामदुआन रोज विनवते, मठात जाऊ, शब्द परत घ्या. परत घेतले तर तो पुन्हा कुणाच्या घासाला हात घालेल, ते मला ठाऊक आहे. माझा राग अजून गेलेला नाही.

हल्ली ती स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारते, ती मला ऐकू येत नाही. बाकी सगळं येतं, भट्टीची घरघर, गल्लीतला भाजीवाला. फक्त ती एवढी हाक येत नाही. परवापर्यंत ती दंडाला धरून मला उठवायची. आज तिने लांबूनच, माझ्याकडे न बघता, टेबलावर टकटक केली आणि मी लगेच उठलो.